उरलेल्या विजेचा गॅस

जिन्याखालच्या फळ्यावर नोटीस लागली तेव्हा मास्तरांनी ती पहिल्यांदा अर्थासाठी वाचली आणि दुसऱ्यांदा शुद्धलेखनासाठी. दोन्ही बाबतींत ती वाईटच निघाली. रस्त्याखालचे गॅसचे पाइप जुने झाले आहेत, ते बदलण्याइतकी गिऱ्हाइकं आता उरलेली नाहीत, सबब तीन महिन्यांनी या इमारतीचा गॅस कायमचा बंद होईल. रहिवाशांनी विजेच्या शेगड्या घ्याव्यात, असं गॅस कंपनीनं कळवलं होतं. त्याखाली इमारतीच्या सेक्रेटरींनी लाल शाईनं ‘सर्वांनी सहकार्य करावे’ असं लिहिलं होतं. सेक्रेटरी हे वाक्य पाण्याची टाकी फुटली तरी लिहितात आणि कुणी वारलं तरी लिहितात.

मास्तर हे मास्तर नव्हते, हे इथंच सांगून टाकलेलं बरं. ते कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. अडतीस वर्षं त्यांनी परीक्षानळ्या धुतल्या, बर्नर पेटवून दिले आणि बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवल्या. प्रयोग प्राध्यापक करत; तो फसला की प्राध्यापक चहाला जात आणि मास्तर तो पुन्हा करून ठेवत. या इमारतीत राहायला आल्यावर कुणीतरी ‘काय मास्तर’ म्हणून हाक मारली आणि त्यांनी ती दुरुस्त केली नाही. आयुष्यात मिळालेली ही एकुलती एक बढती, तीही अर्ज न करता. ती नाकारायला मास्तर काही खुळे नव्हते.

नोटीस त्यांनी घरी येऊन बायकोला सांगितली. गेली दोन-तीन वर्षं घरात वाचायचं खातं मास्तरांकडेच होतं. काचबिंदूनं काकूंची नजर उणी झाली होती. (इमारतीत सगळे त्यांना काकू म्हणत, म्हणून आपणही काकूच म्हणू.) चष्मा दोनदा बदलून झाला, डोळ्यांत थेंब सकाळ-संध्याकाळ चालू होते आणि डॉक्टर म्हणाले होते, की गेलेलं परत यायचं नाही, आहे ते टिकवू. काकू यावर एवढंच म्हणाल्या होत्या, की आमच्या घरात सगळंच टिकवलेलं आहे, त्यात हे एक.

“विजेची शेगडी मला नको,” काकू म्हणाल्या.

“अगं, तुला नको म्हणून काय? गॅसच बंद होणार.”

“मग मीही बंद.”

यात नुसता हट्ट नव्हता. गेल्या वर्षी लेकीनं विजेची शेगडी पाठवली होती. गुळगुळीत काळी काच. चालू असली काय नि बंद असली काय, तिचा चेहरा तोच. ना आवाज, ना ज्योत. दुसऱ्याच दिवशी काकूंनी ओटा पुसताना तापलेल्या काचेवर पंजा टेकला. तीन आठवडे हाताला पट्टी होती आणि त्या तीन आठवड्यांत मास्तरांनी खानावळीतून डबे आणले. लेक फोनवर म्हणाली, “आई, पुरे झालं आता. स्वयंपाकाला बाई ठेवू या.” काकू पुढचे पंधरा दिवस लेकीशी बोलल्या नाहीत. शेगडी माळ्यावर गेली आणि तिच्यावर जुनी सूटकेस बसली.

“बाहेर एकटीला जाता येत नाही,” लेकीच्या त्या फोनच्या रात्री जेवताना काकू म्हणाल्या होत्या, “वाचता येत नाही, सुईत दोरा जात नाही. ही एवढी चार पावलांची खोली माझी राहिलीय. तीही दुसरीच्या हातात दिली, तर मी दिवसभर करायचं काय? तुमच्याकडे बघत बसू?”

मास्तरांना हे लागलं. ‘तुमच्याकडे बघत बसू’ हे लागलं ते वेगळं. पण बाकीचंही लागलं.

सिलिंडर आणावा, तर अग्निशमन खात्याचा नियम असा, की चौथ्या मजल्याच्या वर सिलिंडर न्यायचा नाही. मास्तर पाचव्यावर. चौथ्यावरच्या मंडळींना मास्तरांनी आपली जागा अदलाबदलीला देऊ करून पाहिली. त्यांनी विचार करून सांगतो म्हटलं आणि मग मास्तर जिन्यात दिसले, की ते लिफ्टनं जाऊ लागले.

आता गच्चीकडे वळायला हवं, कारण सगळ्या दुर्दशेचं मूळ तिथं आहे. इमारतीच्या गच्चीवर दोन वर्षांपूर्वी सौर पॅनेल बसवले होते. उन्हाच्या वेळी ते इमारतीला लागते त्याहून कितीतरी जास्त वीज करत. ही जास्तीची वीज वीज कंपनीनं घ्यायची, असं आधी ठरलेलं. पण पुढं अख्ख्या मोहल्ल्यानं पॅनेल बसवले, दुपारी सगळ्यांकडेच वीज उतू जाऊ लागली आणि कंपनीनं कळवलं, की आमच्या तारेत जागा नाही. तेव्हापासून रोज अकरा ते तीन गच्चीवरच्या यंत्राचा तांबडा दिवा लागे आणि निम्मी वीज तयारच होऊ दिली जात नसे. मास्तर त्या दिव्याकडे बघत उभे राहत. परीक्षानळीत उरलेलं आम्ल परत बाटलीत ओतणारा माणूस तो. त्याला हे बघवत नव्हतं.

नोटिशीच्या चौथ्या दिवशी त्यांना सुचलं. विजेनं पाणी फोडायचं, हायड्रोजन घ्यायचा. त्यात कार्बन डायऑक्साइड मिसळायचा आणि दोघांना तापलेल्या निकेलच्या भुकटीवरून न्यायचं. पलीकडून मिथेन निघतो. पाइपातून येतो तोच गॅस, तीच ज्योत, तीच शेगडी. हा प्रयोग मास्तरांनी एका प्राध्यापकांसाठी मांडून दिला होता आणि प्राध्यापकांना त्यावर परदेशी जायला मिळालं होतं. मास्तरांना त्यांनी येताना एक पेन आणलं होतं, ते चालत नसे.

मास्तरांनी पाठकोऱ्या कागदावर खर्चाचा अंदाज मांडला. नळ्या, भुकटी, तापवायची कॉइल, रबरी होज. ‘वीज’ या शब्दासमोर त्यांनी शून्य लिहिलं. आता मास्तरांना घरचं बिल येत नव्हतं असं नाही. ते दर महिन्याला भरत आणि शिव्याही देत. पण प्रयोगाची वीज ही निराळी. अडतीस वर्षं त्यांनी ती भिंतीतल्या खटक्यातून घेतली होती आणि तिचं बिल कुठल्याशा ऑफिसात जात असे. प्रयोगशाळेतल्या वहीत आम्लाचा थेंबन् थेंब मांडलेला, पण विजेला रकानाच नव्हता. ते त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं होतं. त्या शून्यावर पुढचा सगळा डोलारा उभा राहिला.

इमारतीच्या मीटिंगला सोळा माणसं आली, म्हणजे लिफ्टच्या दुरुस्तीला आली होती त्याच्या दुप्पट. मास्तरांनी अर्धा तास समजावून सांगितलं. त्यातला ‘फुकट’ हा शब्द सगळ्यांना समजला.

दुसऱ्या मजल्यावरचे बँकवाले मात्र गप्प बसेनात. ते बँकेतून निवृत्त झालेले होते, पण त्यांची शंका घ्यायची सवय अजून नोकरीत होती.

“मास्तर, दहा युनिट वीज घेतली असं धरा,” बँकवाले म्हणाले. “पाणी फोडताना किती जाते?”

“चारेक.”

“उरली सहा. गॅस होताना?”

“आणखी दीड.”

“साडेचार. आणि शेगडीची ज्योत भांड्याच्या बाजूनं निम्मी हवेत जाते, हे माझी बायको तीस वर्षं सांगतेय. म्हणजे भांड्यात गेली दोन. तीच दहा युनिटं विजेच्या शेगडीला दिली, तर भांड्यात आठ जातात. दोनासाठी दहा! आमच्या बँकेत असा प्रस्ताव घेऊन कुणी आलं असतं, तर आम्ही त्याला पाणी दिलं असतं आणि घरी पोचवलं असतं.”

“पण ती वीज वायाच चाललीय!” मास्तर म्हणाले.

“वाया जातेय तोवर ठीक. उद्या वाया गेली नाही तर?”

“वाया जाणार नाही? का नाही जाणार?” सेक्रेटरी मध्ये पडले. “आपल्या इमारतीवर विश्वास ठेवा.”

बँकवाल्यांचं गणित बरोबर होतं, हे मास्तरांना कळत होतं. पण त्या गणितात काकूंचा भाजलेला पंजा कुठं बसत नव्हता आणि तो कुठल्या रकान्यात मांडायचा, हे मास्तरांना सांगता येईना. भर मीटिंगमध्ये बायकोच्या डोळ्यांचा विषय काढायचा नाही, एवढं त्यांना कळत होतं. ठराव पास झाला. विरोधी मत एक. तेही बँकवाल्यांनी लेखी दिलं.

मग परवानग्या. अग्निशमन कार्यालयात एक अर्ज होता, त्यावर तीन चौकोन : उत्पादक, साठवणूकदार, ग्राहक. त्यांपैकी एकावर खूण करा.

“मी तिन्ही आहे,” मास्तर म्हणाले.

“एकावरच करा,” कारकून म्हणाला. “तिघांच्या फायली तीन कपाटांत असतात.”

मास्तरांनी ‘ग्राहक’ केलं, कारण तेच त्यातल्या त्यात निरुपद्रवी वाटत होतं.

“कोणाचा ग्राहक?”

“माझाच.”

कारकुनानं पेन खाली ठेवलं. “तुमच्या गॅसला वास आहे का?”

“शुद्ध मिथेनला वास नसतो. पाइपातल्या गॅसला तो मुद्दाम लावतात.”

“मग तुमचा गळला तर कळणार कसं?”

“गळणार नाही.”

“तसं लिहून द्या.”

मास्तरांनी ‘गळणार नाही’ असं लिहून सही केली. कारकुनानं त्यावर ‘मिळाले’ असा शिक्का मारला आणि मास्तर तो शिक्का परवानगीसारखा छातीशी धरून बाहेर पडले.

वीज कार्यालयात वेगळाच पेच. छपरावरची वीज घरगुती वापराला. गॅस करणं हा उद्योग. उद्योगाला दर निराळा. “पण वीज तुमची नाही, आमच्या छपरावरची आहे,” असं मास्तर म्हणाले. “मीटर आमचा आहे,” असं तिथल्या बाई म्हणाल्या आणि पुढच्या माणसाकडे बघू लागल्या. गॅस कंपनीत मात्र त्यांना खुर्ची मिळाली. “आम्ही बंद करतोय आणि तुम्ही सुरू करताय?” असं म्हणून तिथल्या साहेबांनी त्यांच्याकडे बराच वेळ मायेनं पाहिलं. मग आवाज उतरवून विचारलं, “तुमच्याकडे माणूस लागणार असेल तर सांगा. माझी नोकरीही वर्षअखेरीला संपतेय.”

कार्बन डायऑक्साइडसाठी मास्तरांनी सोडावाला गाठला. नाक्यावर त्याचं छोटं दुकान होतं, सोड्याच्या बाटल्या भरायचं. बुडबुड्यांसाठी तो हाच वायू नळकांड्यांत भरून आणी. मास्तरांना वाटलं होतं, की धुराड्यातून फुकट बाहेर पडणारी, जिच्या नावानं जग बोटं मोडतं ती ही वस्तू कुणीही उचलून देईल.

“मास्तर, धुरातला वेगळा आणि नळकांड्यातला वेगळा,” सोडावाला म्हणाला. “धुरातला फुकट आहे, घ्या हवा तेवढा. पण तो धुरातून काढून, धुऊन, दाबून इथं आणायचा तर त्याचे पैसे. तुमच्या शेगडीतून निघेल तो परत धरून आणा, मी निम्म्यात भरून देतो.”

हा विनोद होता, पण मास्तर रात्रभर त्याचा विचार करत होते.

महिनाभरात गच्चीवर टाकीशेजारी यंत्र उभं राहिलं. ते पाहायला माणसं आली की सल्ले येत. पहिल्या मजल्यावरच्या शिंपिणबाईंचं म्हणणं, नळीला निळा रंग द्यावा, बरं दिसेल. सेक्रेटरींना यंत्रावर इमारतीचं नाव हवं होतं. बँकवाले रोज संध्याकाळी येऊन काही न बोलता मीटरचा आकडा टिपून घेत. बाकीच्यांच्या सल्ल्यांपेक्षा त्याचाच मास्तरांना जास्त त्रास होई.

पहिले आठ दिवस यंत्र चाललं आणि नळीतून पाणी आलं.

“पाण्यापासून सुरुवात केली होती ना?” सेक्रेटरींनी विचारलं.

“हो.”

“आणि हे काय आलं?”

“पाणी. पण हे नवीन पाणी आहे,” मास्तर म्हणाले. “गॅस होताना निम्मा हायड्रोजन पुन्हा पाण्यात जातो. पुस्तकात तसंच आहे. याचा अर्थ प्रयोग बरोबर चाललाय.”

सेक्रेटरींनी त्या नवीन पाण्याकडे पाहिलं आणि इमारतीचं नाव इतक्यात घालू नका म्हणून सांगितलं.

गॅसही येत होता, थोडा थोडा. तो मास्तर ट्रकच्या जुन्या ट्यूबमध्ये साठवत आणि दाब यावा म्हणून तिच्यावर फळी टाकून विटा ठेवत. रोज दुपारी ट्यूब चार बोटं फुगे. या वेगानं महिन्याकाठी चहाचा प्रश्न सुटेल, असा हिशेब निघाला. स्वयंपाकाचं पुढं बघू.

आणि मग दुपारची वीज संपली.

झालं असं, की मीटिंगपासून इमारतीत सगळ्यांना कळलं होतं, की अकरा ते तीन वीज वाया जाते. हे आधी फक्त मास्तरांना आणि तांबड्या दिव्याला ठाऊक होतं. आता शिंपिणबाईंनी आपली इस्त्री आणि दोन्ही मशिनं दुपारवर आणली. तिसऱ्यावरच्या बिऱ्हाडांनी कपडे धुवायची मशिनं साडेअकराला लावायला सुरुवात केली. सेक्रेटरींनी टाकीचा पंप पहाटेऐवजी बाराला चालू करून तसा ठराव मांडला. चौथ्यावरच्यांनी विजेची गाडी घेतली आणि ती दुपारी भरायला लावू लागले. पुढच्या सोमवारी अकरा वाजता तांबडा दिवा लागलाच नाही. ढग आले असतील म्हणून मास्तरांनी वर पाहिलं. आभाळ स्वच्छ होतं.

यंत्रातली निकेलची भुकटी मात्र कायम तापलेली राहायला हवी. एकदा थंड झाली की परत रंगात यायला दिवस जातो. ती तापत राहिली, इमारतीच्या मीटरवर. गॅस निघेना आणि आकडा मात्र चढू लागला. महिनाअखेरीला बँकवाल्यांनी आपली टिपणवही उघडून मीटिंगमध्ये वाचली. ते अत्यंत खेदानं वाचत होते; एवढ्या आनंदाचा खेद मास्तरांनी पूर्वी पाहिला नव्हता.

“मास्तर, तुमची वीज फुकट होती, कारण ती कुणाला नको होती,” ते म्हणाले. “तुम्ही ती हवी म्हटलीत आणि ती सगळ्यांना हवी झाली. आता ती फुकट कशी राहील? आणि जे यंत्र दिवसाचे चार तासही चालत नाही, ते कसं परवडणार?”

“म्हणजे माझ्यामुळे इमारतीचा फायदाच झाला,” मास्तर म्हणाले.

“झाला ना. फक्त तुमचा झाला नाही.”

आभार मानायचा ठराव कुणी मांडला नाही. यंत्र आठ दिवसांत बंद करावं, असा मांडला गेला आणि पास झाला. मास्तर एवढंच म्हणाले, की ट्यूबमध्ये साठलेला गॅस तेवढा पेटवून दाखवतो, मग उतरवतो. याला हरकत कुणाची नव्हती. सोडावाल्यापासून सगळ्यांनाच बघायचं होतं.

काकूंना त्यांनी ठरावाचं सांगितलं नाही. ट्यूबमध्ये पंधरा-वीस मिनिटांचा गॅस आहे, तेवढ्यात तिच्या हातचा एक चहा होईल. तो सगळ्यांनी पाहिला, की कदाचित बँकवाल्यांनासुद्धा... पुढं काय, ते मास्तरांनी मनातही पूर्ण केलं नाही. गॅस कायमचा बंद व्हायला अजून पंधरा दिवस होते आणि माणसाला आशा करायला तेवढे पुरतात.

रविवारी दुपारी काकूंच्या स्वयंपाकघरात नऊ माणसं मावली. काकूंनी सकाळपासून ओटा तीनदा पुसला होता. गच्चीवरून होज खिडकीतून आत घेऊन शेगडीला जोडली होती. ज्योत नीट दिसावी म्हणून सेक्रेटरींच्या बायकोनं पडदा ओढला. काकू चहाचं भांडं दोन्ही हातांत धरून शेगडीसमोर उभ्या होत्या, पाणी मोजून घेतलेलं, मान जराशी कलती.

“तयार?” मास्तरांनी विचारलं.

“मी कधीची तयार आहे.”

मास्तरांनी बटण फिरवलं आणि काडी लावली.

ज्योत लागली. पाइपाच्या गॅसला दाब असतो, तो पेटताना भस्सकन बोलतो आणि मग सूं करत राहतो. ट्यूबवर होत्या सहा विटा. ही ज्योत मुकाट्यानं लागली, बोटभर उंच, फिकट निळी, कडेनं थरथरणारी, पण ज्योतच. सोडावाल्याच्या तोंडून ‘वा’ निघालं. बँकवाल्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. अडतीस वर्षांत मास्तरांनी मांडलेल्या एकाही प्रयोगाकडे कुणी असं पाहिलं नव्हतं.

काकू भांडं धरून तशाच उभ्या होत्या.

“अहो, पेटवा की,” त्या म्हणाल्या. “किती वेळ नुसतं बटण धरून बसणार? माणसं खोळंबलीत.”

सगळ्यांनी ज्योतीवरून नजर काढून काकूंकडे पाहिलं.

“काडी संपली का?” काकूंनी विचारलं आणि भांडं एका हातात घेऊन दुसरा हात पुढं केला, बर्नर चाचपायला. सेक्रेटरींच्या बायकोनं तो मनगटाला धरून चटकन मागं ओढला. ज्योतीपासून तो वीतभरही लांब नव्हता.

“काकू,” ती हळूच म्हणाली, “पेटलीय.”

काकूंचा चेहरा होता तसाच राहिला; फक्त भांड्यातलं पाणी हललं. “हो का,” त्या म्हणाल्या. “उजेडात नाही दिसली.”

पडदा ओढलेला होता.

मग ज्योत कधी विझली, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. सगळे जमिनीकडे बघत होते. शिंपिणबाईंना घरी दूध आठवलं. सोडावाल्याला गिऱ्हाईक आठवलं. बँकवाले सर्वांत शेवटी निघाले. दारात मास्तरांचा हात त्यांनी हातात घेतला, जरा दाबला आणि जिना उतरून गेले. मास्तरांनी त्यांना तेवढ्यापुरतं सगळं माफ केलं.

स्वयंपाकघरात काकू स्टुलावर बसल्या होत्या. मास्तर ओट्याला टेकून उभे राहिले. चार पावलांच्या त्या खोलीकडे त्यांनी आज पहिल्यांदाच नीट पाहिलं. साखरेच्या डब्याला एक रबर बँड होता, मिठाच्या डब्याला दोन. चहाच्या डब्याच्या झाकणाला दोरा बांधलेला. चमचे एका ठरलेल्या बाजूला, सुरी भिंतीला दांडा लावून. त्यांना हे सगळं टापटिपीचं वाटत आलं होतं. लोकांपाशी ते बायकोच्या टापटिपीचं कौतुकही करत.

“किती दिवस झाले?” त्यांनी विचारलं.

“दिवस नाही. वर्ष होऊन गेलं.” काकू म्हणाल्या. “कडेकडेनं थोडं दिसतं. समोरचं नाही. गॅस लागला की आवाज येतो, मोठा केला की आवाज बदलतो. भांड्यात काय शिजलं ते वासावरनं कळतं. माझं काही अडत नव्हतं.”

“मला सांगायचं नाही?”

“तुम्हाला सांगितलं, की तुम्ही लेकीला सांगणार. मग बाई येणार. आणि तुम्ही गच्चीवर एवढे खूष होता. वाटलं, ह्यांचा गॅस निघाला तर सगळंच भागतंय. पण तुमच्या गॅसला ना आवाज, ना वास. तो दुसऱ्या घरच्यांना चालेल हो. मला नाही चालायचा.”

मास्तरांना एकदम स्वतःची लाज वाटली. दहा युनिटांतली चार कुठं जातात आणि दीड कुठं, हे ते झोपेतून उठवलं तरी सांगू शकले असते. ह्या घरात रोज काय जात होतं, ते त्यांना ठाऊक नव्हतं. ते काकूंच्या शेजारी जमिनीवर बसले, कारण स्टूल एकच होतं.

तेवढ्यात फोन वाजला. लेकीचा. तिला आजचं माहीत होतं. प्रयोगाची वेळ मास्तरांनीच तिला आठ दिवस आधी कळवली होती.

“बाबा, झालं का? पेटला का गॅस?”

मास्तरांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी हात पुढं केला. “इकडे द्या.”

त्यांनी फोन त्यांच्या हातात दिला. काकूंनी तो कानाशी नीट लावला, पाठ ताठ केली.

“पेटला तर,” काकू म्हणाल्या. “ज्योत काय सुंदर होती! निळीशार. सगळी माणसं बघत राहिली. ... हो, चहाही झाला. ... ते मरो. तुला एक सांगायचं होतं. स्वयंपाकाला एक बाई बघ. ... अगं, माझ्यासाठी नाही. मला काय झालंय? तुझे बाबा. निवृत्त झाल्यापासून हे माणूस हाताबाहेर गेलंय. उन्हातान्हात गच्चीवर असतात, खायची शुद्ध नाही, उद्या जीव द्यायचे त्या यंत्रापायी. ह्यांच्यावर लक्ष ठेवू का भाज्या चिरू? मला एकटीला दोन्ही नाही जमत. ... हो. सकाळचीच बघ. ... घे, बोल त्यांच्याशी.”

फोन पुन्हा मास्तरांच्या हातात आला. लेक पलीकडून भडकलेली होती.

“बाबा, हे काय चालवलंय तुम्ही? आईची नजर अशी, आणि तिनं या वयात तुमच्यामागं धावायचं? आयुष्यभर जिनं कुणाला स्वयंपाकघरात पाय ठेवू दिला नाही, ती आज बाई ठेव म्हणतेय. तुमच्यामुळं! किती त्रास दिला असेल तुम्ही तिला, काही कल्पना आहे?”

काकू स्टुलावर बसून ऐकत होत्या. मिटल्या ओठांनी, मास्तर जिथं असतील असं वाटलं त्या दिशेला तोंड करून. ती दिशा थोडी चुकली होती. मास्तर जमिनीवरच सरकले आणि त्यांच्या नेमके समोर येऊन बसले.

“हो गं,” ते फोनमध्ये म्हणाले. “चुकलंच माझं.”